येण्याचा उद्देश

आमच्या घरात 'फिरायला जाणं' हे पुरुषांचं आणि पाहुण्यांचं काम होतं. वडील ओझरच्या विमानांच्या कारखान्यात होते. तिथल्या मित्रांबरोबर ते वर्षातून एखादी सहल करून यायचे आणि आल्यावर महिनाभर तिच्याबद्दल बोलायचे. बायका कुठं जायच्याच तर देवाला जायच्या. देव कुठला, हे त्या दिवशी कुठं जावंसं वाटतंय त्यावर ठरायचं.

आईचा देव सोमवारचा होता. नाशिकच्या पश्चिमेला धरणाच्या काठावर महादेवाचं एक लहानसं देऊळ होतं, एका वेळी दोन माणसं आत वाकली तर तिसऱ्यानं बाहेर थांबावं एवढंच. आई आणि कॉलनीतल्या तिच्या मैत्रिणी, तिघी-चौघी, दर सोमवारी सिटीबसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जायच्या आणि पुढं चालायच्या. संध्याकाळी आई परत आली की आजी, म्हणजे तिच्या सासूबाई, दारातच विचारायच्या, "झालं का गं दर्शन?" आई कागदाच्या पुडीतला अंगारा काढून त्यांच्या कपाळाला लावायची. त्या अंगाऱ्याचा दर्जा पावतीचा होता. एकदा पुडी बसमध्ये पडली तर आईनं गल्लीच्या कोपऱ्यावर थांबून उदबत्तीची राख कुणाकडून तरी मागून आणली होती, हे मला फार पुढं कळलं.

मी शाळेत असताना एकदा सुट्टी होती म्हणून त्यांच्याबरोबर गेले. देवळात सगळ्यांचं मिळून जे काही झालं ते मी चपला काढून आत जाईपर्यंत संपलं होतं. मग त्या देवळामागच्या काळ्या कातळावर गेल्या. तो कातळ उतरत थेट पाण्यात शिरलेला होता. चौघींनी पातळं पोटरीपर्यंत वर घेतली, पाय पाण्यात सोडले, भगर आणि दाण्याची आमटी काढली, आणि उन्हं कलेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. आई हसत होती. माझी आई हसायची नाही असं नाही, पण घरात ती तोंडाला पदर लावून हसायची. इथं ती मान मागं टाकून हसत होती आणि पाण्यात पाय आपटत होती. मी तिच्याकडे बघत राहिले, कारण मला ती बाई थोडी अनोळखी वाटली आणि फार आवडली.

याला फिरायला जाणं म्हणतात, हे त्या चौघींपैकी कुणीही कधी कबूल केलं नसतं. आपसातही नाही.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी अर्थशास्त्रात एम.ए. होऊन घरी बसले होते. घरात माझ्या स्थळांची चर्चा चालू होती आणि ती थांबावी म्हणून मी कुठलंही काम करायला तयार होते. अशा वेळी आमच्या सरांनी बोलावलं. सरांकडे एका सरकारी खात्याचं काम आलं होतं. धरणकाठी लोक येतात, त्यांना तिथं काय हवं आहे याचा अंदाज काढायचा आणि अहवाल द्यायचा. खात्याच्या डोक्यात दोन योजना होत्या. एक म्हणजे काठावर साध्या पायऱ्या, झाडं, थोडे बाक आणि बायकांसाठी स्वच्छतागृह. दुसरी म्हणजे देवळाला लागून मोठा सभामंडप, दर्शनाची बारी आणि आवाराला भिंत. पैसे एकाच योजनेचे होते.

सरांनी नकाशा टेबलावर पसरला. दुसऱ्या योजनेतला सभामंडप देवळाच्या मागच्या अंगाला पेन्सिलनं आखला होता. पाया घालायला कातळ तयारच होता, म्हणून तिथं. मी त्या चौकोनाकडे पाहिलं आणि मला त्यात आईचे पाय दिसले.

पद्धत मोठी सुंदर होती, हे मी आजही म्हणेन. एखाद्या ठिकाणी पोचायला माणूस किती खर्च करतो, किती वेळा येतो, कुठून येतो, एवढं विचारायचं. लांबचे कमी वेळा येतात, जवळचे जास्त. त्यातून कागदावर एक उतरती रेघ निघते आणि त्या रेघेखाली जी जागा उरते ते लोकांचं समाधान. सर ती जागा खडूनं तिरप्या रेघा मारून भरायचे तेव्हा त्यांचा चेहरा खरंच उजळायचा. ज्या गोष्टीचं तिकीट नाही तिचीही किंमत काढता येते, असं ते म्हणायचे. त्यांची मला एकच सक्त ताकीद होती. प्रश्न छापला आहे तसा वाचायचा, उत्तर मिळेल तसं लिहायचं, आपल्या मनचं काही घालायचं नाही.

पाहणीचा दिवस सोमवार ठरला होता. आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात आईला गाठलं आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "तुमच्या कातळावर मंडप यायचा घाटतोय. उद्या कुणी विचारलं तर खरं काय ते सांग."

"मी खोटं कधी बोलते?" आई कणीक मळता मळता म्हणाली.

"आई, मंडप झाला तर बसायला जागा राहणार नाही."

"सरकारनं म्हटलं म्हणून बांधून होतं होय? आपल्या गल्लीतली गटार बघ." तिनं कणकेवर ताट झाकलं. तिच्या दृष्टीनं विषय संपला.

काठावर उभं राहून मी पहिल्या दोन तासांतच हबकले. विंचूरकडचे एक शेतकरी नाशकात कांदा उतरवून रिकाम्या टेम्पोत बायकापोरं घेऊन आले होते. मी खर्च विचारला तर म्हणाले, "खर्च कशाचा ताई? गाडी त आलीच व्हती कांदा घिऊन. म्हनलं पोरान्ला पानी दाखवू." मी खूश झाले. मग छापील प्रश्न वाचला, "येण्याचा उद्देश काय? दर्शन, मनोरंजन की इतर?" त्यांनी बायकोकडे पाहिलं, बायकोनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ते गंभीर होऊन म्हणाले, "दर्शन लिवा. मनोरंजनाला यायला आमी काय रिकामे हाय का?" त्यांची पोरं तेव्हा कपड्यांसकट पाण्यात होती.

सिन्नरच्या कारखान्यांतली काही पोरं जीप करून आली होती आणि झाडाखाली पत्ते कुटत बसली होती. त्यांच्या तोंडाला तीर्थाखेरीज कशाचा तरी वास येत होता. उद्देश? दर्शन. एका नवविवाहित जोडप्याला तर मी देवळाकडे पाठ करून, एकमेकांना चिकटून बसलेलं उठवलं. दोघंही एकदम म्हणाले, दर्शन. मुंबईहून मोटार घेऊन आलेल्या एका गृहस्थांनी खर्चात पेट्रोल सांगितलं, वाटेतलं जेवण सांगितलं, टायर पंक्चर झालं त्याचे पैसे सांगितले आणि बायकोनं शहरात घेतलेल्या पैठणीचा आकडाही रागारागानं लिहायला लावला. सरांच्या रेघेप्रमाणे त्या पंक्चरमुळे आणि पैठणीमुळे आमच्या धरणाची किंमत चांगलीच वाढली. हे गृहस्थही दर्शनालाच आले होते.

दर पाचव्या गटाला विचारायचं असा नियम होता, म्हणजे आपल्या आवडीची माणसं निवडली जात नाहीत. दुपारनंतर मी चार गट मोजले आणि वर पाहिलं तर पाचव्या आमच्या कॉलनीतल्या होत्या. त्या कातळावर पाय सोडून बसल्या होत्या, भगरीचा डबा उघडा होता. सर झाडाखालून माझ्याकडे पाहत होते. मी पुढं झाले.

"नमस्कार. आपण कुठून आलात?" मी माझ्या आईला विचारलं.

मैत्रिणी खिदळल्या. आईनं त्यांना डोळ्यांनी गप्प केलं, पदर खांद्यावरून नीट घेतला आणि जणू मला जन्मात पाहिलं नाही अशा आवाजात गाव सांगितलं. मग वाहन, मग बसचं भाडं. किती वेळा येता, तर दर सोमवारी. हे सगळं तिनं चोख सांगितलं. मला उगाच धीर आला. ज्या बाईला दर सोमवारी यावंसं वाटतं तिच्याइतकी ओढ त्या काठावर दुसऱ्या कुणाला होती?

"येण्याचा उद्देश काय? दर्शन, मनोरंजन की इतर?" मी 'इतर'वर इतका जोर दिला की सरांनी ऐकलं असतं तर मला काढूनच टाकलं असतं.

"दर्शन," आई म्हणाली.

तिचे पाय घोट्याच्या वरपर्यंत पाण्यात होते. एक बारीक मासा तिच्या जोडव्यापाशी घुटमळत होता.

"आणखी काही? बसायला, गप्पा मारायला?" हे छापलेलं नव्हतं.

"छे गं बाई," आईच्या आधी शेजारच्या काकू बोलल्या, "गप्पा मारायला एवढ्या लांब कोण मरायला येतं? आमचे सोमवार असतात." बाकीच्यांनी माना हलवल्या. मग आईनंही हलवली. माझ्याकडे पाहताना तिच्या नजरेत एक क्षण काहीतरी आलं होतं, पण त्या तिघींच्या देखत, भर दुपारी, सरकारी कागदावर ते लिहवून घेण्याची तिची छाती झाली नाही. मी दर्शनापुढं खूण केली.

संध्याकाळी आजींच्या कपाळाला अंगारा लागल्यावर मी आईला मोरीपाशी पकडलं. "इतर म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"आणि तो कागद इथं आला असता म्हणजे?"

"इथं कसा येईल?"

"सरकारी कागद आहे. कुठं फिरेल त्याचा नेम आहे का?" आई कुजबुजली. "तुझ्या आजीला काय सांगू, पंधरा-वीस वर्षं मी पाय भिजवायला जाते म्हणून?"

 सासूला काय सांगायचं, हे अर्थशास्त्रात कुठं शिकवलं नव्हतं.

अहवालाच्या वेळी सर खुशीत होते. इतका स्वच्छ कौल त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. मनोरंजनाच्या रकान्यात जवळजवळ शुकशुकाट आणि दर्शनाला तुडुंब गर्दी. मी त्यांच्या खोलीत जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "सर, ही माणसं देवळात मिनिटभर असतात आणि काठावर अर्धा दिवस."

"कुठं किती वेळ घालवला हे आपण विचारलं होतं का?"

"नाही सर."

"मग ते आपल्याला माहीत नाही."

"पण मी डोळ्यांनी पाहिलंय. माझी स्वतःची आई..."

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. मग म्हणाले, "हे बघ, लोक सांगतात ते सोडून त्यांच्या मनात काय आहे ते आपण लिहायला लागलो, तर त्याला संशोधन म्हणत नाहीत, कादंबरी म्हणतात. शिवाय प्रौढ माणूस स्वतःच्या येण्याचं कारण खोटं कशाला सांगेल? त्यात त्याचा फायदा काय?" सरांच्या घरी सासू नसावी. मी चहा प्यायले आणि बाहेर आले.

आईचा सरकारच्या आळशीपणावर फार विश्वास होता, पण देवाच्या कामाला सरकार आळस करत नाही हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. गटार तशीच राहिली आणि मंडप मात्र बघता बघता उभा राहिला. कातळावर काँक्रीट पडलं, त्यावर फरशी आली. पाण्याच्या बाजूला भाविकांच्या सुरक्षिततेसाठी पुरुषभर उंचीची भिंत बांधली आणि तिच्यावर 'पाण्यात उतरू नये' असं लाल अक्षरांत रंगवलं. उद्‌घाटनाला आम्हालाही बोलावणं होतं. हा मंडप कुणा एकाच्या लहरीनं नव्हे, लोकांच्या मागणीवरून झाला आहे, असं भाषण झालं. सरांना शाल आणि नारळ मिळाला, मला नुसता नारळ. आईनं त्याची चटणी केली.

त्यानंतरच्या सोमवारी त्या चौघी गेल्या. आता बारीतून जावं लागत होतं. आत गेल्यावर पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत उभं राहायचं, मग नमस्कार करायचा आणि दुसऱ्या दारानं थेट रस्त्यावर निघायचं. इतकी वर्षं दर्शनाला जाणाऱ्या माझ्या आईला पहिल्यांदाच खरं दर्शन घ्यावं लागलं. ती दुपारीच घरी आली. आजी म्हणाल्या, "आज लवकर गं?" आई म्हणाली, "आता सोय झालीय ना." आणखी काही सोमवार ती नेटानं गेली. मग गुडघे दुखतात म्हणाली आणि जाणं बंद झालं.

एका सोमवारी मी घरी लवकर आले. आई मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर बसली होती. पातळ पोटरीपर्यंत वर घेतलेलं आणि पाय घमेल्यातल्या पाण्यात. मला पाहून ती दचकली. "गुडघ्याला शेक घेतेय," म्हणाली. मी हात घालून पाहिलं. पाणी गार होतं. मला त्या क्षणी सरांचा राग आला, खात्याचा आला, आजींचा आला आणि सगळ्यात जास्त आईचाच आला. इतका, की मी तिच्याशी दोन दिवस धड बोलले नाही. तिला वाटलं, माझं एखादं स्थळ मोडलं.

पुढं ती स्थळंही मागं पडली. मी कॉलेजात शिकवायला लागले आणि खडूनं त्याच तिरप्या रेघा मारायला लागले. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. आजी गेल्या. वडील रिटायर झाले आणि सहलींच्या गोष्टी सांगायला त्यांना घरातलीच माणसं उरली. मी स्कूटी घेतली. एका सोमवारी कॉलेजला सुट्टी होती, तेव्हा आईला म्हटलं, चल. तिनं सवयीनं विचारलं, "कुठल्या देवाला?" मी म्हटलं, आधी बस.

धरणाच्या पलीकडच्या अंगाला, डोंगराकडं जाणाऱ्या वाटेवर, भाताच्या खाचरांच्या खाली एक उतार होता. तिथं ना देऊळ, ना दुकान. गुरं पाण्यावर यायची ती वाट होती आणि तिच्या टोकाला एक कातळ पाण्यात शिरला होता. आधीच्याइतका ऐसपैस नव्हता, दोघींपुरता होता. आईनं आधी पाण्याकडे पाहिलं. मग चपला काढल्या, माझा खांदा धरला आणि बसली. पाय पाण्यात गेल्यावर तिनं जो श्वास सोडला तो मी इतक्या वर्षांत घरात ऐकला नव्हता.

मग आम्ही अधूनमधून जायला लागलो. आजी नसल्यामुळे अंगाराही लागत नव्हता. तरी आई निघताना वडिलांना सांगायची, "जरा देवाला जाऊन येतो." वडिलांनी कुठला देव ते कधी विचारलं नाही.

आजूबाजूचं मात्र बदलत होतं. वर द्राक्षाच्या बागा आल्या होत्या, वाइनच्या कंपन्यांच्या पाट्या लागल्या होत्या, जमिनींना कुंपणं पडत होती. एका सोमवारी उतारावरून दोन मुली खाली आल्या. गळ्यात ओळखपत्रं, हातात क्लिपबोर्ड. 

"नमस्कार काकू," एक म्हणाली. "आम्ही या भागातल्या पर्यटनाच्या विकासासाठी सर्व्हे करतोय. पाच मिनिटं द्याल?"

आईनं तिच्याकडे पाहिलं, क्लिपबोर्डकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला लागला नाही. मला भीती एवढीच होती की ती आता दर्शन म्हणेल आणि इथं कुणीतरी महादेव आणून बसवेल. किंवा खरं सांगेल, आणि मग बोटी येतील, तिकीटखिडकी येईल.

"येण्याचा उद्देश काय, काकू?" आता पर्याय पुष्कळ होते. मुलीनं ते भराभर वाचले. निसर्ग, विश्रांती, कुटुंबासोबत वेळ, फोटो, धार्मिक, साहस.

"उद्देश कसला? रस्ता चुकलो," आई म्हणाली.

मुलीची पेन्सिल थांबली. "नेहमी येता का?"

"पहिल्यांदाच."

"जागा आवडली?"

"छे. डास फार आहेत." पाण्यात तिनं एक पाय दुसऱ्या पायावर घेतला. "पाण्यालाही वास येतो."

"इथं काही सोयी झाल्या तर पुन्हा याल? बाग, हॉटेल, बोटिंग?"

"फुकट नेलं तरी यायची नाही. आणि लिही गं बाळ, इथं कुणी कुत्रंसुद्धा फिरकत नाही."

मुलीनं बिचारीनं मिळेल तसं लिहून घेतलं. तिलाही कुणीतरी ताकीद दिली असणार. मग ती माझ्याकडे वळली, "आणि मॅडम, तुम्ही?"

मी वर्गात या पद्धतीवर व्याख्यान देते, पोरांकडून सराव करून घेते, उत्तर देणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर सगळी इमारत उभी आहे असं बजावते. मी म्हटलं, "यांचंच लिहा. मीही चुकूनच आले."

मुली उतार चढून दिसेनाशा होईपर्यंत आई त्यांच्याकडे बघत होती. मग तिनं मान मागं टाकली आणि हसली, मी लहानपणी त्या कातळावर पाहिलं होतं तशीच, तोंडाला पदर न लावता. हसू ओसरल्यावर तिनं डोळे पुसले, भगरीच्या डब्याचं झाकण काढलं आणि विचारलं, "पुढच्या सोमवारी सुट्टी आहे का तुला?"